उभ्या गाडीचं ऑइल

"शेठ, चांगलं कोणतं? सिंथेटिक का साधं?"

हा प्रश्न मी माझ्या दुकानात इतक्यांदा ऐकला की आता निवृत्त झाल्यावर कुणी चहात साखर किती विचारलं तरी मला आधी तोच ऐकू येतो. दुकान छावणी मागं टाकून नगर नाक्याकडं जाताना उजव्या हाताला होतं. पुढं ऑइलच्या डब्यांची मांडणी, मागं गाडीखाली उतरायचा खड्डा आणि मधल्या लाकडी खुर्चीवर मी. आता भाचा बसतो. खुर्ची तीच आहे, पण त्यानं तिला गादी लावलीय.

प्रश्नाला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. उलट विचारायचो, "गाडी कामाला कशी आहे?" यावर लोक चिडायचे. त्यांना डबा हवा असायचा आणि मी चौकशी लावायचो. काही जण तर शेजारच्या दुकानात जायचे. तिथला गडी जो डबा हाताशी येईल तो 'हाच चांगला' म्हणून देऊन टाकायचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरत असतं आणि त्या दोघांच्या मधे ऑइलचा पातळसा पडदा असतो. तो फाटला की लोखंड लोखंडाला खायला लागतं. शिवाय ऑइल इंजिनाची उष्णता वाहून नेतं आणि जळणाची काजळी पोटात घेतं, म्हणून तर डिझेल गाडीचं ऑइल काळं होतं. काळं झालं म्हणजे बिघडलं असं नाही. काळं होणं हे त्याचं कामच आहे. साधं ऑइल जमिनीतल्या कच्च्या तेलातून गाळून काढतात. सिंथेटिकवर कारखान्यात बरीच जास्त प्रक्रिया झालेली असते, त्यामुळं ते एकसारखं असतं, ताप जास्त सोसतं आणि लवकर विटत नाही. थंडीत ते झटकन इंजिनात वर चढतं हाही त्याचा गुण, पण आपल्याकडं तशी थंडी कुठं पडते? किंमत मात्र चांगलीच जास्त. त्यातून इंजिन जुनं असेल, सील झिजलेले असतील, तर हे महागाचं ऑइल थेंबाथेंबानं खाली गळतं आणि मालकाच्या जिवाला घोर लागतो.

म्हणून गाडी काय काम करते ते कळल्याशिवाय माझं तोंड उघडायचं नाही. छावणीतले एक निवृत्त सुभेदारसाहेब होते. त्यांची मोटार रविवारी सकाळी भाजी आणायला बाहेर पडायची आणि दुपारच्या आत पुन्हा खोळीत जायची. त्यांना दुकानातलं सगळ्यात भारी सिंथेटिकच हवं. "साहेब, तुमच्या गाडीला याची गरज नाही," असं मी एकदा बोलून गेलो, तर ते असे लागले बघायला की जणू मी त्यांच्या मेडलांवर संशय घेतलाय. पुन्हा नाही बोललो. उलट टोकाला सोयगावचा एक ट्रान्सपोर्टवाला. अजिंठ्याचा घाट चढून भरलेल्या गाड्या आणायचा. दसऱ्याला इंजिनाला नारळ फोडून झेंडूचा हार घालायचा आणि ऑइल बदलायला पुढचा दसरा गाठायचा. त्याला मी पोटतिडकीनं समजावलं. तो प्रत्येक वेळी "बराबर हाय शेठ" म्हणायचा आणि सुटं, स्वस्तातलं ऑइल कॅनमध्ये भरून न्यायचा.

पण मला खरं सांगायचंय ते एका पाण्याच्या पिकअपबद्दल.

सलग दुष्काळाची वर्षं होती. गंगापूरकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, उसाच्या पट्ट्यात नुसते वाळके बुडखे दिसायचे. आणि आमचं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, नेमकं त्याच वर्षांत चहूकडून सुटलं होतं. पडेगाव, मिटमिटा, सातारा परिसर, जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग. कॉलन्यांच्या कमानी आधी उभ्या राहायच्या, नळाची लाइन नंतर कधीतरी. त्यामुळं गावालाही टँकर आणि शहरालाही टँकर. मोठे टँकर पुरेनात, म्हणून काल भाजी वाहणाऱ्या पिकअपवर आज प्लास्टिकची टाकी बसली.

तशीच एक जुनी पिकअप एका सकाळी दुकानापुढं येऊन थांबली. चालवत होती एक बाई. पदर खोचलेला, डोक्याला रुमाल. तिचं नाव सुमन. शेजारच्या सीटवर पागोटं बांधलेला म्हातारा, तिचा सासरा. ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून पुढं मीही खंडूमामाच म्हणायला लागलो. माणूस पिढीजात मेंढपाळ. मुलगा वाळूजला कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळं गाडी सुनेनं शिकून घेतली होती. चारा नाही, पाणी नाही, म्हणून मामांनी निम्मी मेंढरं विकली आणि त्यातून ही पिकअप घेतली. उरलेली मेंढरं घरामागच्या वाड्यात होती. शेवटच्या खेपेतलं उरलेलं पाणी त्यांना मिळायचं.

"काका," सुमन म्हणाली, "भरून निघालं की इंजिन लई तापतंय. ऑइलचा लाल दिवा मधीच लुकलुकतोय. चांगलं कोणतं टाकू ते सांगा."

"गाडी कामाला कशी आहे?"

"फटफटायला निघतो ते अंधार पडेस्तोवर पाण्यावरच असती. ऊन तर तुमी बघताच."

दिवसभर उन्हात, ओझं घेऊन. मी म्हटलं, इंजिन जुनं असलं तरी सील अजून धड आहेत, खाली गळती नाही; तेव्हा सिंथेटिक टाकून बघा. साधं ऑइल या तापात लवकर दम सोडेल.

तेवढ्यात खंडूमामांनी दार उघडलं. ते खाली उतरले आणि म्हणाले, "दोन्हीचा येकयेक ठेंब द्या."

मी दिले. मामांनी डाव्या अंगठ्याच्या नखावर साध्याचा थेंब घेतला, उजव्यावर सिंथेटिकचा, आणि दोन्ही अंगठे उन्हाकडं धरून तिरपे केले. आयुष्यभर ते दूध असंच पारखत आले होते. साधं नखावर धरून राहिलं. सिंथेटिक सरकत सरकत मनगटाकडं निघालं.

"शेठ, ह्याच्यात पाणी हाय."

"मामा, हे पातळच असतं. सील बघा डब्याचं."

"दूधवाला बी क्यानला झाकण लावूनच येतोय."

मला राग आला आणि हसूही आलं. मी पडदा, उष्णता, सगळं पुन्हा सांगितलं. मामांनी मान हलवली, पण ती 'बोलून घ्या तुमचं' अशी मान होती. शेवटी सुमननंच ठरवलं. "टाका काका सिंथेटिक. इंजिन ऱ्हायलं पायजे." आणि मग सासऱ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "पाण्याचा ठेकेदार म्हणलाय, गाडी दोन दिस उभी ऱ्हायली तर खेप दुसऱ्याला. खेप गेली की ऱ्हायलेली मेंढरं बी बाजारात."

मामा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून जुनं ऑइल खाली पडताना बघत राहिले.

ऑइल बदलायच्या ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी पिकअप परत आली. दिवा पुन्हा लुकलुकत होता. मी डिपस्टिक ओढली, म्हणजे ऑइल किती आहे ते बघायची पट्टी, पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. माझ्याकडं ऑइल कमी झाल्याच्या तक्रारी रोज यायच्या, पण भरल्यापेक्षा वाढलेलं ऑइल क्वचितच बघायला मिळालं होतं.

खंडूमामांनी नखावर थेंब घेतला. तो थांबलाच नाही.

"म्हणलं नव्हतं का पाणी हाय म्हणून?" ते म्हणाले. पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. माणूस घाबरला होता.

घाबरण्यासारखंच होतं. ऑइलमध्ये खरंच पाणी असेल तर ते रेडिएटरचं, म्हणजे आतलं गॅस्केट गेलेलं. शेजारच्या गॅरेजचे सलीमभाई आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन खोलना पडता, भाऊ. इसकू वक्त लगेंगा." इंजिन खोलायचं म्हणजे गाडी उभी, खर्च वेगळा. सुमननं गाडीच्या दाराची कड घट्ट धरली. मामा म्हणाले, "मंग उद्याच्या बाजाराला नेतो मेंढरं. तिच्या सासूला सांगतो म्या." हे ते अगदी सरळ बोलले.

"थांबा," मी म्हटलं. चहाच्या टपरीवरून तापलेला पत्रा मागवला आणि त्यावर त्या ऑइलचा थेंब टाकला. पाणी असेल तर फोडणीत मोहरी तडतडते तसं तडतडतं. नुसता धूर निघाला. तडतड नाही. मग वास घेतला. डिझेल!

पाणी नव्हतं, पण मामांची पारखही खोटी नव्हती. ऑइलमध्ये डिझेल उतरलं होतं आणि त्यानं ते पातळ करून टाकलं होतं. सलीमभाईंनी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं, तपासले. थोडे झिजलेले निघाले, पण एवढं डिझेल उतरावं इतके नाहीत. मग मी किलोमीटरचा काटा बघितला आणि चक्रावलो. मागच्या वेळेपासून गाडी जेमतेम फिरली होती.

"सुमनताई, खेपा किती होतात दिवसाला?"

"दोन. लई झालं तर तीन."

"आणि बाकीचा वेळ?"

"रांगेत."

"रांगेत इंजिन बंद असतं ना?"

सासरा आणि सून दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. मामा म्हणाले, "बंद कसं करावं शेठ? बंद केलं की नंबर गेला."

मला काही कळेना. ऑइल बदललं, दुकान सलीमभाईंच्या नजरेखाली ठेवलं आणि त्यांच्याच पिकअपमध्ये बसून टँकर भरायच्या जागी गेलो. सगळे तिला पॉइंट म्हणायचे. गंगापूर रस्त्यापासून आत एक मोठी विहीर, तिच्यावर विजेची मोटार, आणि समोर पिकअप, ट्रॅक्टर, छोटे टँकर यांची वळणापलीकडं गेलेली रांग. आणि सगळ्या गाड्यांची इंजिनं चालू! डोळ्यांत धूर. माणसं बाभळीखाली आडवी झालेली आणि गाड्या आपल्या उभ्या जागी धडधडतायत. लाइट गेली की मोटार बंद, मोटार बंद की रांग जागेवर, पण एकही इंजिन बंद होत नव्हतं.

रीत अशी होती. जिचं इंजिन चालू ती गाडी रांगेत. जिचं बंद ती 'झोपलेली', तिला वळसा घालून मागची पुढं जाणार. रीत पडली होती तीही उगीच नाही. सुरुवातीला लोक गाडी रांगेत लावून घरी निघून जायचे आणि नंबर आला की रांग त्यांच्यासाठी अडायची. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की माणूस हजर असल्याची खूण म्हणजे चालू इंजिन. रांगेपुरतं ते शहाणपणाचंच होतं. पण इंजिन तासन्‌तास नुसतं उभ्यानं चाललं की आत नीट तापत नाही. बाहेर कितीही ऊन असो. डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. माझं सगळं शहाणपण किलोमीटरच्या हिशोबाचं, आणि ही गाडी किलोमीटर न करताच झिजत होती. असल्या कामापुढं साधं काय नि सिंथेटिक काय, दोन्ही हरणारच. एक जरा आधी, एक जरा नंतर.

मी बाभळीखाली जाऊन सगळ्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला पाणीही दिलं. इंजिन कुणी बंद केलं नाही. एक जण म्हणाला, "शेठ, आमचं ऑइल खराब झालं तर तुमचंच दुकान चालंल की. तुमी कशाला वंगाळ वाटून घेता?" सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

रांग सरकत सरकत दुपार उलटली, तेव्हा सुमन पिकअपच्या मागं चढली. टाकीचं मोठं गोल झाकण फिरवून काढलं, घेऊन खाली आली आणि विहिरीच्या व्हॉल्व्हजवळ जमिनीवर ठेवलं. पुढच्या गाडीत पाणी पडत होतं, म्हणजे आता नंबर तिचाच.

"आमी बाया नळावर काय करतो?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हंडा ठिवतो नंबराला. अन् तुमी गडी माणसं इंजिन पेटवून बसता! हे झाकण माझा नंबर. झाकणाबिगर खेप करता येत नाय, निम्मं पाणी रस्त्यावर सांडतंय. मंग म्या झाकण टाकून घरी कशी जाईन?" मग सासऱ्याकडं वळली. "मामा, बंद करा."

खंडूमामा सरकून स्टीअरिंगपुढं बसले होते, हात किल्लीवर. त्या रांगेत गाडी बंद करणं म्हणजे नंबर घालवणं, नंबर घालवणं म्हणजे त्या दिवसाची खेप, आणि पुढचं सगळं त्यांनी दुकानात बोलून दाखवलेलंच होतं. त्यांनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा मागच्या गाडीकडं. मग किल्ली फिरवली.

मागच्या पिकअपवाल्यानं लगेच गिअर टाकला. चाक वळवून तो आमच्या बाजूनं निघाला.  उद्या यांची मेंढरं बाजारात गेली तर त्यात माझ्या बडबडीचाही वाटा असणार होता.

मोटारीवर एक म्हातारे बाबा बसायचे. दिवसभर धुरात खोकून त्यांचा आवाज बसला होता. ते उठले, झाकणापाशी आले, वळसा घेणाऱ्या गाडीपुढं हात केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "झाकण कुणाचं हाय पयलं? त्याची गाडी लावा. ज्याला धूर करायचाय त्यानं मागं जाऊन करावा."

मागचा थांबला. खाली उतरून वाद घालायला आला, पण बाबांनी पाइप आमच्या टाकीत सोडलाही होता. मग एका ट्रॅक्टरवाल्यानं, ज्याचं डिझेल बहुतेक तळाला आलं होतं, आपलं इंजिन बंद केलं आणि झाकण आणून सुमनच्या झाकणाच्या जागेमागं ठेवलं. मग आणखी एक आलं. लगेच सगळे आले नाहीत, पण आम्ही निघालो तेव्हा व्हॉल्व्हजवळ झाकणांची लहानशी रांग लागली होती आणि बाभळीखालून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

पुढं त्या पॉइंटवर तीच रीत पडली. सगळीकडं नाही पडली, याची मला हळहळ आहे. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या पॉइंटांवरच्या कितीतरी पिकअप सलीमभाईंच्या गॅरेजात पोट उघडून पडल्या होत्या, आणि त्यातल्या काहींच्या मालकांना मीच डबे विकले होते. मी जमेल त्याला झाकणाची गोष्ट सांगायचो. काही जणांना ती पटली, काही जण सोयगावच्या त्या ट्रान्सपोर्टवाल्यासारखे "बराबर हाय शेठ" म्हणून गेले. मी मात्र तेव्हापासून गाडी कामाला कशी आहे एवढं विचारून थांबलो नाही. उभी किती असते, आणि उभी असताना इंजिन काय करतं, तेही विचारायला लागलो.

सुमनच्या पिकअपनं उन्हाळा काढला. सिंथेटिकच चालू ठेवलं, कारण ऊन आणि ओझं काही कमी झालं नव्हतं. लाल दिवा पुन्हा लुकलुकला नाही. सलीमभाईंना ते इंजिन खोलायला मिळालं नाही. भेटले की ते मला "मेरा धंदा खराब करता तू" म्हणायचे आणि चहा पाजायचे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. रानं हिरवी झाल्यावर एका सकाळी तीच पिकअप दुकानापुढं आली, आणि मी आधी ओळखलीच नाही. टाकी काढून टाकली होती. मागच्या हौद्यात मेंढरं दाटीवाटीनं उभी होती, मधे कोकरं, आणि त्यांच्यात एका कोकराला काखेत धरून खंडूमामा. म्हातारा इतका हसत होता की बोलता येत नव्हतं.

"वैजापूरकडं चाललो रानात," सुमननं खाली उतरत सांगितलं. "मामांना अन् मेंढरांना सोडती, अन् उद्यापसून म्या रोज शहरात भाजी आणणार. ऑइल बदला काका."

मी सवयीनं सिंथेटिकच्या डब्याकडं हात नेला. तिनं मला थांबवलं.

"साधं टाका. ऊन सरलं, पाण्याचं वझं बी गेलं. आता हिला उभं ऱ्हायचं नाय, पळायचंय."